मराठवाड्यातील तरुण इलेक्ट्रॉनिक संगीत निर्माते आणि डीजे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगीत निर्माता आणि डीजे हे एकच काम आहे का?

दोन्ही कामे एकच व्यक्ती करू शकते, परंतु त्यांना लागणारी कौशल्ये, त्यांतून मिळणारे उत्पन्न आणि कायद्याने लाभणारे हक्क वेगवेगळे आहेत. निर्माता, ज्याला आता सगळेच प्रोड्युसर म्हणतात, संगणकावर ताल, बेस, सुरावट आणि आवाजांचे पोत रचून नवे गाणे घडवतो. डीजे तयार गाण्यांतून निवड करतो, त्यांची लय जुळवतो आणि समोरच्या गर्दीचा अंदाज घेत ती एका ओघात वाजवतो. आपल्या भागात या दोघांबरोबर तिसराही एक व्यावसायिक असतो. बेस आणि टॉप (खालच्या आणि वरच्या स्वरांचे मोठे स्पीकर), ॲम्प्लिफायर, जनरेटर आणि गाडी यांत भांडवल घालणारा तो साऊंडवाला. जालना, बीड, परभणीकडील पुष्कळ मुले याच साऊंडवाल्याच्या हाताखाली केबल ओढता ओढता या क्षेत्रात येतात आणि पुढे कोणत्या वाटेने जायचे हे ठरवायचेच राहून जाते.

ते लवकर ठरवावे. डीजेला एका रात्रीचे मानधन मिळते आणि कार्यक्रमाबरोबर तो व्यवहार संपतो. स्वतः रचलेल्या गाण्यावरचा हक्क मात्र रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतरही ६० वर्षे टिकतो. नेदरलँड्सचा डीजे आणि निर्माता मार्टिन गॅरिक्स २०१३ साली, वयाच्या १७व्या वर्षी, जगभर पोहोचला तो स्वतःच्या रचनेमुळे, आणि मोठ्या मंचांची आमंत्रणे त्या रचनेच्या मागोमाग आली. म्हणूनच या पानावरील बहुतेक उत्तरे निर्मितीला मध्यभागी ठेवून दिली आहेत.

हे संगीत परदेशी आहे, आपल्याकडे त्याला परंपरा नाही, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का?

हाउस आणि टेक्नो हे नृत्याच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे दोन मुख्य प्रकार. त्यांतील हाउस अमेरिकेत शिकागोत आणि टेक्नो डेट्रॉइटमध्ये १९८०च्या दशकात, प्रामुख्याने कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून घडले, ही वस्तुस्थिती आहे. पण त्याच सुमारास, १९८२ साली, मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर हिंदुस्थानी राग बसवून एक संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. तेव्हा त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढे २०१० साली त्याचे पुनःप्रकाशन झाल्यावर ॲसिड हाउस या हाउसच्याच पुढच्या प्रकाराशी त्याचे असलेले साम्य ऐकून जगभरचे जाणकार थक्क झाले. अलीकडच्या पिढीत पुण्याच्या रित्विझने लहानपणी ध्रुपदाची तालीम घेतली होती आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांतील स्वरांच्या ठेवणीत ती ऐकू येते.

मराठवाड्यापुरते बोलायचे, तर १३व्या शतकात शारंगदेवाने आपला संगीतशास्त्रावरचा ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला. ज्या भूमीत श्रुती, स्वर आणि तालांची इतकी बारकाईने मांडणी झाली, तिथल्या मुलाला ध्वनीचा अभ्यास परका वाटण्याचे काही कारण नाही.

सुरुवातीला कोणती साधने लागतात?

चांगला लॅपटॉप, विश्वासार्ह हेडफोन आणि एक सॉफ्टवेअर एवढे पहिल्या वर्षासाठी पुरेसे आहे. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि एसएसडी असावी, कारण कमी रॅमवर दहा-पंधरा वाद्ये एकत्र वाजू लागली की आवाज तुटतो. एफएल स्टुडिओ आणि एबलटन लाइव्ह ही सर्वाधिक प्रचलित सॉफ्टवेअर आहेत. एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतले की पुढील आवृत्त्या आयुष्यभर विनामूल्य मिळतात, ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. मात्र त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत बाहेरचा आवाज थेट प्लेलिस्टवर (गाणे जिथे मांडले जाते त्या पटलावर) मुद्रित करता येत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. पैसे अजिबात नसतील तर एलएमएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि डीजेच्या सरावासाठी मिक्स्क्स (Mixxx) हेही विनामूल्य मिळते.

माइक किंवा वाद्य मुद्रित करण्याची वेळ आली की दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात नेणारे यंत्र, घ्यावा. स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाज पारखण्याचे स्पीकर, त्यानंतर. पत्र्याच्या किंवा रिकाम्या स्लॅबच्या खोलीत महागडे मॉनिटरही खालच्या स्वरांबद्दल खोटे सांगतात, आणि तिथे बरोबर वाटलेला बेस मिरवणुकीच्या साऊंडवर एकतर फुगतो किंवा नाहीसा होतो. अशा खोलीत कोपऱ्यांत गाद्या उभ्या करणे आणि जाड गोधड्या टांगणे हा पहिला उपाय आहे, आणि तो खरोखर उपयोगी पडतो. वीज ही आपली आणखी एक अडचण आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, इंटरफेस आणि मॉनिटरला नसते, म्हणून छोटा यूपीएस चैनीची वस्तू समजू नये. आणि दर काही मिनिटांनी काम सेव्ह करण्याची सवय हाताला लावून घ्यावी.

लॅपटॉपवरील गाणी हाताने चालवण्यासाठी डीजेचा कंट्रोलर घ्यायचा झाला तर दोन चॅनेलचा पुरे. मोठ्या मंचावर बहुधा पायोनियर डीजेचे सीडीजे प्लेअर असतात. त्यांत पेनड्राइव्ह लावून वाजवायचे असल्यास तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट करून, गाणी रेकॉर्डबॉक्स या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी तपासून न्यावीत.

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर चालेल का?

चालवू नये. ते बेकायदेशीर आहे, त्यातून संगणकात घातक प्रोग्राम शिरतात, आणि स्वतःच्या गाण्याची चोरी होऊ नये अशी ज्याची अपेक्षा आहे त्याने दुसऱ्याची मेहनत चोरून वापरणे योग्य नाही.

पेटी किंवा गायन शिकलेले असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण ज्याला स्वर ओळखता येतो त्याचे काम निम्म्याने हलके होते, असे माझे निरीक्षण आहे. बेसचा स्वर गायकाच्या षड्जाशी जुळत नसेल तर गाणे बेसूर वाटते आणि शिकाऊ निर्मात्याला त्याचे कारण कळत नाही, तो आवाज वाढवत राहतो. गावातील भजनी मंडळात एक-दोन वर्षे टाळ धरून बसलेल्या मुलाला लय कधी ओढायची आणि कधी सोडायची हे न शिकवता कळते. भजन जसे संथ सुरू होऊन द्रुत लयीत चढते, तशीच डीजेने आपल्या दीड-दोन तासांच्या वादनाची बांधणी करायची असते.

मराठवाड्यात याचे शिक्षण कोठे मिळते?

इलेक्ट्रॉनिक संगीतनिर्मितीचे शिक्षण आज बहुतांशी ऑनलाइन आणि प्रत्यक्ष स्टुडिओत बसून घेतले जाते. संगीताचा पाया पक्का करायचा असेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचे कलाविषयक विभाग जवळचे आहेत. ध्वनिमुद्रणाचे पूर्णवेळ शिक्षण हवे असल्यास पुण्याच्या एफटीआयआयचा (भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेचा) ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकल्पनाचा अभ्यासक्रम पाहावा. त्याला प्रवेश परीक्षा असते आणि पदवी लागते, म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडण्याची घाई करू नये.

संबळ, हलगी यांसारखी आपली वाद्ये इलेक्ट्रॉनिक संगीतात कशी वापरावीत?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबई-दिल्लीच्या निर्मात्यापाशी नसलेली गोष्ट आपल्यापाशी आहे ती हीच. तुळजापूरच्या वाटेवरील आराध्यांचे चौंडके, गोंधळ्यांचा संबळ, वाघ्या-मुरळीची दिमडी, बंजारा तांड्यावरील लेंगी, खुलताबादच्या उरुसातील कव्वाली, पैठणच्या नाथांचे भारूड, चौकाचौकांत गायली जाणारी भीमगीते, हे सगळे एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहे. तरीही बहुतेक मुले इंटरनेटवरून उतरवलेला तोच तो हलगीचा नमुना वापरतात, आणि त्यामुळे उदगीरचे गाणे आणि वैजापूरचे गाणे यांत फरक ऐकू येत नाही.

स्वतः मुद्रित करावे. हलगीचे कातडे वाजवण्यापूर्वी जाळावर शेकून ताणलेले असते. पावसाळी हवेत ते लगेच सैल पडते, म्हणून मुद्रण कोरड्या दिवशी ठेवावे आणि वादकाला मध्ये मध्ये हलगी शेकायला वेळ द्यावा. हलगीचा आघात अत्यंत तीव्र असतो, त्यामुळे माइक अगदी जवळ न ठेवता हातभर अंतरावर, किंचित तिरका ठेवावा आणि पातळी इतकी खाली ठेवावी की सर्वांत जोराचा ठोकाही मर्यादेच्या बराच आत राहील. २४ बिट मुद्रणात पातळी कमी राहिल्याने काही बिघडत नाही, पण एकदा फाटलेला आवाज परत सांधता येत नाही. संबळाच्या दोन भांड्यांना शक्य असल्यास दोन माइक द्यावेत, कारण खर्जाचे भांडे नंतर बेसशी भांडते आणि त्याला वेगळे आवरावे लागते.

खरी कसोटी पुढे असते. लोकवादक मेट्रोनोमच्या, म्हणजे यंत्राच्या ठरावीक टिकटिकीवर वाजवत नाही. रंग चढत जाईल तसा तो वेग वाढवतो, आणि त्याच्या अनेक चालींची लय सहा मात्रांच्या झोलाने चालते, तर हाउस किंवा टेक्नोचा ठोका मिनिटाला साधारण १२० ते १४० या वेगाने सरळ चार मात्रांत पडतो. सॉफ्टवेअरने प्रत्येक ठोका ओढूनताणून रेषेवर बसवला की वादनातील प्राण जातो. माझ्या मते आवर्तनाची सम तेवढी रेषेवर धरावी आणि मधले ठोके जिथे पडले तिथेच राहू द्यावेत. सहा मात्रांचा झोल मूळ असेल तर किकची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ढोलाच्या मुख्य ठोक्याचीच रचना त्याप्रमाणे बदलावी. याला वेळ लागतो, पण असे गाणे ऐकणारा थांबतो.

आणि वादकाला मोबदला द्यावा. मुद्रण कशासाठी आहे, किती रक्कम दिली, नाव कसे छापले जाईल आणि पुढे उत्पन्न झाल्यास त्याचा वाटा किती, हे साध्या मराठीत कागदावर लिहून, वाचून दाखवून दोघांनी सही करावी. कॉपीराइट कायद्याने वादकालाही कलावंत म्हणून हक्क दिलेले आहेत. चहापाण्यावर गोंधळ्याचे वादन मुद्रित करून ते जगभर स्वतःच्या नावावर विकणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच माणसांवर होतो.

लोकप्रिय गाण्याचे रिमिक्स करून प्रसिद्ध करता येते का?

हक्कधारकाच्या परवानगीशिवाय येत नाही. लग्नाच्या मिरवणुकीत गाणे वाजवणे आणि त्याच गाण्याचे रिमिक्स करून यूट्यूबवर टाकणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींच्या ओघात संगीत वाजवण्यास सूट दिलेली आहे आणि विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित सामाजिक समारंभ त्यात धरले आहेत. ही सूट नेमकी कोठपर्यंत जाते, विशेषतः हॉटेल आणि व्यावसायिक आयोजकांच्या बाबतीत, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. ती कितीही व्यापक धरली तरी वाजवण्यापुरतीच आहे. मूळ ध्वनिमुद्रण तोडून नवे ध्वनिमुद्रण बनवणे आणि ते प्रसिद्ध करणे तिच्यात बसत नाही.

जुने गाणे म्हणजे मुक्त गाणे, हा समजही बरोबर नाही. संत एकनाथांच्या भारुडाच्या शब्दांवर आज कोणाचाही मालकी हक्क नाही, पण एखाद्या कंपनीने काही वर्षांपूर्वी मुद्रित केलेल्या भारुडाच्या ध्वनिमुद्रणावर त्या कंपनीचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे राहतो. वामनदादा कर्डक २००४ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत अबाधित आहेत. १४ एप्रिलसाठी भीमगीताचे रिमिक्स करणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा हिशेब लक्षात ठेवावा. ज्या शाहिरांनी आयुष्यभर हाल सोसून ही गीते गावोगावी नेली त्यांचे नाव रिमिक्सच्या शीर्षकातून गळावे आणि डीजेचे नाव मात्र दर आठ ओळींनी पुकारले जावे, ही रीत बदलायला हवी.

व्यवहारात, यूट्यूबची कंटेंट आयडी व्यवस्था मूळ ध्वनी आपोआप ओळखते आणि त्या व्हिडिओचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते किंवा व्हिडिओच बंद होतो. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाच्या ताकिदी) आल्यास चॅनेल काढून टाकले जाऊ शकते. सरावासाठी रिमिक्स जरूर करावे, हात बसण्यासाठी त्याहून चांगला अभ्यास नाही, पण करिअर त्यावर उभे करू नये.

यातून पोट भरते का?

सुरुवातीची काही वर्षे निव्वळ निर्मितीवर भरत नाही, हे पालकांना आणि स्वतःला आधीच सांगावे. स्ट्रीमिंग कंपन्या एका वेळच्या ऐकण्यामागे ठरावीक रक्कम देत नाहीत. एकूण उत्पन्नातील वाटा ऐकण्याच्या प्रमाणात विभागला जातो, आणि मराठी वाद्यसंगीताचा श्रोतावर्ग अजून लहान आहे. म्हणून बहुतेक जण कार्यक्रमांच्या मानधनावर घर चालवतात आणि उरलेल्या महिन्यांत निर्मिती करतात.

या मानधनाला आपल्याकडे हंगाम असतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि ज्येष्ठापर्यंत चालते. मध्ये शिवजयंती आणि भीमजयंती येते. चातुर्मासात लग्ने थांबतात आणि मग गणपती ते नवरात्र असा दुसरा बहर येतो. या सगळ्याच्या मागे शेती आहे. सोयाबीन आणि कापसाला भाव मिळाला तर वरातीला डीजे येतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा वर्षी ज्या घराला लग्न उरकणेच जड जाते, त्याच्याकडून संगीतावर खर्चाची अपेक्षा करता येत नाही आणि करूही नये. यासाठी हंगामातील कमाईचा काही भाग बाजूला ठेवणे आणि कर्जाने साऊंड न घेणे हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. बेस आणि ॲम्प्लिफायरच्या हप्त्यांखाली दबलेला मुलगा नवे गाणे रचायला बसूच शकत नाही.

शेतीशी न बांधलेले उत्पन्नही हळूहळू उभे करता येते. स्थानिक जाहिराती, लघुपट, नाट्यस्पर्धांतील एकांकिकांचे पार्श्वसंगीत, इतर गायकांच्या गाण्यांचे मिक्सिंग (वेगवेगळ्या आवाजांचा तोल साधणे), यूट्यूब चॅनेलांची शीर्षकधून अशी कामे लहान वाटतात, पण ती बाराही महिने येतात.

सुपारी घेताना तारीख, वेळ, वाजवण्याचे तास, प्रवास, साऊंड कोणाचा आणि परवानगी कोणी काढायची हे लेखी घ्यावे. इसार घेतल्याशिवाय तारीख अडवून ठेवू नये. पाहुण्यारावळ्यांतले काम असले तरी हा नियम मोडू नये, कारण पैशांवरून वितुष्ट सर्वांत जास्त तिथेच येते. मानधन शक्यतो बँक खात्यात घ्यावे आणि विवरणपत्र भरावे. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास जीएसटी नोंदणी लागते.

आवाजाच्या मर्यादेचा कायदा डीजेला लागू होतो का?

होतो. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते आणि या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र असू शकते. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी कार्यक्रमापूर्वी घ्यावी आणि तिची प्रत खिशात ठेवावी. साऊंडच्या भिंतीसाठी वाहनाच्या मूळ रचनेत बदल करणेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निषिद्ध आहे.

मिरवणूक ज्या गल्लीतून जाते तिथे तान्ही बाळे, हृदयरोगी आणि परीक्षेला बसलेली मुले असतात. चांगले मिक्सिंग केलेले गाणे कमी पातळीवरही भरदार वाजते, आणि ते तसे वाजवता येणे ही निर्मात्याच्या कौशल्याचीच परीक्षा आहे. लेझर दिवे गर्दीच्या डोळ्यांवर कधीही रोखू नयेत, दृष्टिपटलाला कायमची इजा होते.

कान आणि प्रकृती कशी सांभाळावी?

८५ डेसिबलला आठ तास ही कानासाठी सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. बेसच्या भिंतीसमोर चार-पाच तास उभे राहणाऱ्याने म्हणूनच संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग वापरावेत. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात सूं-सूं आवाज राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

जागरण, अवेळी जेवण, दारूची संगत आणि लोकांच्या अपेक्षा यांचा भार मनावरही पडतो. स्वीडनचा प्रसिद्ध डीजे-निर्माता अविचीने, म्हणजे टिम बर्गलिंगने, प्रकृतीच्या कारणाने २०१६ साली दौरे थांबवले आणि २०१८ साली वयाच्या २८व्या वर्षी त्याचे निधन झाले. झोप लागत नसेल किंवा कशातच मन रमत नसेल तर डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा मानू नये. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन राहावे लागते का?

निर्मितीसाठी नाही. गाणे परभणीत बनवून त्याच रात्री जगभर पाठवता येते, आणि गावाकडे राहण्याचा खर्च कमी असल्याने शिकायला अधिक काळ मिळतो. क्लब आणि महोत्सवांतील वादनासाठी मात्र शहरातील आयोजकांशी ओळख लागते. महिन्यातून एखाद्या शनिवारी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून ती करता येते. नांदेड-लातूरकडच्या मुलांनी हैदराबाद विसरू नये. ते पुण्याइतके किंवा त्याहून जवळ आहे.

मुली या क्षेत्रात येऊ शकतात का?

येऊ शकतात आणि यायला हव्यात. निर्मितीचे काम घरातून होते, त्यामुळे सुरुवातीला रात्रीच्या प्रवासाची अडचण येत नाही. कार्यक्रम घेताना येण्या-जाण्याची सोय, सोबतीच्या व्यक्तीचा खर्च आणि मंचाभोवतीची सुरक्षा या बाबी मानधनाबरोबरच करारात लिहून घ्याव्यात. आयोजकाने त्याला उपकार समजू नये. साऊंडवाल्या मंडळींनीही मिक्सरपाशी उभ्या असलेल्या मुलीला "तुझा दादा कुठंय?" असे विचारणे सोडावे.

पहिले गाणे प्रसिद्ध करताना काय काळजी घ्यावी?

डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोअरसारख्या वितरकामार्फत गाणे सर्व मंचांवर जाते आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो नोंदवून ठेवावा. फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह असावी. बहुतेक मंच मोठा आवाज स्वतःच खाली आणतात, स्पॉटिफायचे प्रमाण उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचे माप) आहे, म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या संस्कारात, आवाज वाढवण्यासाठी गाणे चिरडून काही हाती लागत नाही. गीतकार व संगीतकार यांनी १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेचे सभासद व्हावे, म्हणजे सार्वजनिक वादनाचे स्वामित्वधन त्यांच्यापर्यंत येते.

गाणे चढवण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर मुद्रण पूर्ण होताच सर्व सहभागींची नावे, प्रत्येकाचा टक्का आणि बँक खाते यांचा एक कागद तयार करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नावे देवनागरीत आणि रोमन लिपीत कशी लिहायची हेही त्याच कागदावर ठरवावे, कारण एकाच वादकाचे नाव तीन गाण्यांत तीन तऱ्हेने पडले तर त्याचे पैसे तीन वेगळ्या नोंदींत अडकून राहतात.